पिवळ्या टोपणाची ट्यूब

पिंपळे गुरवात काटेपुरम चौकाच्या आतल्या बाजूला एक छोटी लॅब आहे. सकाळी सातला बाकावर निम्मे लोक उपाशीपोटी शुगर द्यायला आलेले, निम्मे नाइट शिफ्ट करून तारवटलेले. मी मामांना घेऊन गेलो होतो. मामा भोसरीत टर्नर होते. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस हीच त्यांची ड्यूटी. मागच्या रिपोर्टात फॉस्फरस ७.१ आला होता. मोठ्या माणसाचा साधारण २.५ ते ४.५ असतो. रात्री अंगाला खाज सुटली की मामा जुनी स्टीलची पट्टी घेऊन पाठ खाजवत बसतात. त्या खाजेमागे वाढलेला फॉस्फरसही असू शकतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

"काका, फिस्टुला कुठल्या हाताला?" लॅबमधल्या ताईंनी विचारलं. मामांनी डावा हात दाखवला. मनगटाच्या वर डायलिसिससाठीची ती फुगलेली शीर. बोट ठेवलं तर मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टाही नाही. ताईंनी उजव्या दंडाला पट्टा बांधला, रक्त येऊ लागताच सोडला. पिवळ्या टोपणाची ट्यूब भरली, ती जोरात हलवली नाही. चार-पाच वेळा सावकाश उलटीसुलटी केली आणि स्टँडला उभी ठेवली. अर्ध्या तासात रक्त गोठलं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं. बाहेर आली तेव्हा खाली लाल गाठ, मध्ये जेलचा पांढुरका पडदा आणि वर गवती चहासारखं पिवळसर सीरम.

"हे गुलाबी दिसलं असतं तर तुम्हाला परत बोलावलं असतं," ताई म्हणाल्या.

लाल पेशींच्या आत फॉस्फरस भरपूर असतो. रक्त ओढताना त्या फुटल्या, किंवा सीरम वेगळं न करता ट्यूब तासन्‌तास तशीच राहिली, तर तो बाहेर झिरपतो आणि आकडा फुगतो. मागच्या वेळी दुसऱ्या एका लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला होता. ट्यूब बाइकच्या डिकीत, पुढे आणखी पाच-सहा घरं. त्या रिपोर्टात पोटॅशियमही वाढलेलं होतं, आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सँपल हिमोलाइज्ड', म्हणजे लाल पेशी फुटलेल्या. आम्ही सगळ्यांनी ठळक आकडा वाचला, ती ओळ कुणीच नाही.

पुढचं काम मशीनचं. आम्लातलं मॉलिब्डेट सीरममधल्या फॉस्फेटशी संयोग पावतं आणि ते संयुग किती प्रकाश शोषतं त्यावरून आकडा ठरतो. याच रसायनाला निळा रंग आणून मोजायची पद्धत १९२५ मध्ये फिस्के आणि आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये बसवली. शंभर वर्षं झाली, मूळ कल्पना तीच आहे.

दुपारी रिपोर्ट आला : ५.९. सातच्या खाली आला म्हणून मामी देवापुढे साखर ठेवायला निघाल्या. डायलिसिसच्या डॉक्टरांना मात्र तोही जास्तच वाटला. असंच चालू राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या आतून चुन्यासारख्या कडक होत जातात. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो. रोजच्या जेवणातून येतो तो सगळा काही त्यात मावत नाही. म्हणून फॉस्फरस धरून ठेवणारी गोळी.

"गोळी कधी घेता?"

"सकाळी सहाला. बीपीच्या गोळीबरोबरच, उपाशीपोटी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ती गोळी आतड्यात अन्नातला फॉस्फरस पकडते. सहा वाजता पोटात पकडायला होतं काय?

मामींनी डाळ आणि शेंगदाणे जवळपास बंदच केले होते. डाळ मोजूनच खायची, हे खरं. पण डाळी-दाण्यातला फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, त्यातला निम्म्याहून कमी अंगी लागतो. कोलातलं फॉस्फोरिक आम्ल आणि प्रोसेस्ड चीजमधले फॉस्फेट मात्र जवळजवळ पूर्ण शोषले जातात. आणि नातवाच्या बाटलीतला अर्धा पेला कोला रोज दुपारी मामांच्या वाट्याला जात होता. "ते तर नुसतं पाणीच ना हो?" मामी म्हणाल्या.

या महिन्यात रक्त देऊन आम्ही कोपऱ्यावर पोहे खायला थांबलो. मामांनी खिशातून गोळी काढून बशीच्या कडेला ठेवली. दोन घास खाल्ले, मग गोळी, मग पुन्हा पोहे. गाडीवाला म्हणाला, "काका, दाणे घालू का वरून?" मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि चार बोटं दाखवली.