अंगठा कापायचा म्हणाले तेव्हा

गेल्या हंगामात मालीम जेटीवर आमच्या भावजींचा अंगठा विंचच्या दोरात सापडला. जवळच्या खासगी इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, "अंगठा वाचणार नाही, सही करा." ताई हातात पेन घेऊन नुसतीच उभी.

मी एवढंच विचारलं, "डॉक्टर, जिवाला धोका आहे काय? किती वेळ थांबता येईल?" रक्त थांबलं होतं, पण उशीर नको म्हणाले. लगेच एक्स-रे घेऊन बांबोळीला गोमेकॉत गेलो. तिथं वरचं पेर गेलं, बाकी अंगठा राहिला. जाळं शिवायला पुरतो.

दर वेळी असं होईलच असं नाही. दुसरा डॉक्टरसुद्धा कापाच म्हणेल, मग ऐकायचं. रक्त थांबत नसेल तर फिरत बसूच नका.

पण दुसरं मत घेणं हा पेशंटचा हक्क आहे. केसपेपरची प्रतही मागता येते, मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असते. आम्ही घाईत तेवढीच विसरलो. मत्स्यसंपदा योजनेच्या अपघात विम्यात कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आहेत, तिथं पहिल्या इस्पितळाचा कागद मागितला. त्यासाठी ताईला तीन फेऱ्या पडल्या.