नोटीस एक, भाषा दोन

गेल्या सत्रातील गोष्ट आहे. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पासाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. वरचा सारा व्यवहार पायथन भाषेत आणि जड आकडेमोड सी भाषेत, अशी त्याने कामाची वाटणी केली होती. दुपारभर प्रोग्रॅमच्या काही फेऱ्या नीट पार पडल्या. पुढच्या फेरीला मात्र एक आकडा चुकून हजारपट मोठा दिला गेला. ही फेरी आता दुसऱ्या दिवसापर्यंतही संपणार नाही, हे ध्यानात येताच त्याने कंट्रोल-सी दाबले. एकदा, दोनदा, दहादा दाबले. यंत्र ढिम्म! शेवटी शेजारच्याने सुचविल्यावरून त्याने दुसऱ्या खिडकीतून ‘किल’ ही आज्ञा नऊ क्रमांकासह दिली. प्रोग्रॅम थांबला; पण आधीच्या फेऱ्यांची बरोबर निघालेली उत्तरेही त्याबरोबर गेली, कारण ती अजून स्मृतीतच होती, फाईलमध्ये उतरली नव्हती.

“सर, कंट्रोल-सी दाबल्यावर उत्तरे जपून ठेवायची, हे मी प्रोग्रॅममध्ये लिहिले होते. पुस्तकात आहे तसेच लिहिले होते,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. त्याने लिहिलेल्या ओळींत चूक नव्हती. चूक होती ती दोन भाषांच्या सांध्यात. दोन भाषांचा एक प्रोग्रॅम करणारे आता आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण हा सांधा कसा चालतो याचा विचार फार थोडे करतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

संकेत म्हणजे काय?

चालू असलेल्या प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टीम ‘प्रोसेस’ म्हणून ओळखते. या प्रोसेसला बाहेरून काही कळवावयाचे असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम एक लहानसा संकेत, म्हणजे सिग्नल, पाठविते. त्यात मजकूर जवळजवळ नसतोच. असतो तो एक क्रमांक. कंट्रोल-सी दाबले की २ क्रमांकाचा संकेत जातो. ‘आवरते घ्या’ असे सभ्यपणे सांगणारा संकेत १५ क्रमांकाचा. नेहमीच्या यंत्रांवरील लिनक्समध्ये पूर्णांकाला शून्याने भागले तर ८ आणि आपली नसलेली स्मृती चाळवली तर ११ क्रमांकाचा संकेत येतो. ९ क्रमांक या सर्वांहून वेगळा आहे. तो प्रोग्रॅमला ऐकूच येत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम परस्पर प्रोसेस संपवून टाकते. आवराआवर करण्याची संधी तेथे नसते. आपल्या विद्यार्थ्याचे नुकसान झाले ते यामुळे.

ही कल्पना बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सपासून, म्हणजे १९७०च्या दशकाच्या आरंभापासून चालत आली आहे. संकेत पोहोचला की प्रोसेस हातातले काम आहे तेथेच सोडते, त्या संकेतासाठी नेमून दिलेले उपकार्य करते आणि परत मूळ कामावर येते. या उपकार्याला ‘हँडलर’ म्हणतात. जुन्या युनिक्समध्ये एकदा संकेत आला की हँडलरची नेमणूक आपोआप रद्द होई आणि ती पुन्हा करण्याच्या आत दुसरा संकेत आला तर प्रोग्रॅम बंद पडे. १९८३च्या बर्कले युनिक्सने हा दोष काढला आणि १९८८च्या पॉझिक्स मानकात सुधारलेली पद्धत सर्वांसाठी ठरली.

नोंदवही एकच

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या या वार्षिकांकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असतात; पण अंक एकच. त्याचप्रमाणे प्रोग्रॅममध्ये दोन भाषा असल्या तरी प्रोसेस एकच असते. संकेत येतो तो प्रोसेसला, भाषेला नव्हे. ऑपरेटिंग सिस्टीमला पायथन ठाऊक नाही, जावा ठाऊक नाही. तिच्याजवळ प्रत्येक प्रोसेसची एक नोंदवही असते आणि तीत प्रत्येक संकेतापुढे एकच हँडलर लिहिण्यापुरती जागा असते. पायथनने तेथे आपले नाव लिहिले आणि मागाहून एखाद्या सी ग्रंथालयाने त्याच ओळीवर आपले नाव लिहिले, तर पहिले नाव खोडले जाते. तक्रार कोणी करीत नाही. पायथनला पत्ताही लागत नाही.

तेव्हा दोन भाषांचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा : प्रत्येक संकेताचा मालक कोण? हे आधी ठरविले नाही, तर जो शेवटी बोलेल तो मालक होतो.

हँडलरने थोडेच का करावे?

कोणी म्हणेल, मग हँडलरमध्येच उत्तरे फाईलमध्ये उतरवून प्रोग्रॅम बंद करावा. इतका खटाटोप कशाला? येथे एक मोठी अडचण आहे. संकेत कोणत्या क्षणी येईल याचा नेम नसतो. समजा, कार्यालयातील कारकून तिजोरीला आतून कडी लावून रोकड मोजीत बसला आहे. मोजणी अर्धवट असताना त्यालाच उठवून सांगितले की, तिजोरीतून शंभर रुपये काढून दे, तर तो दारापाशी येऊन कडी उघडण्याची वाट पाहत बसेल. आणि कडी काढणारा तर तोच! संगणकात असेच घडते. स्मृती मागणारे किंवा पडद्यावर छापणारे सी भाषेतील कार्य आपल्या नोंदी बदलताना कुलूप लावते. नेमका तेव्हाच संकेत आला आणि हँडलरनेही तेच कार्य बोलाविले, तर प्रोसेस स्वतःचीच वाट पाहत कायमची अडकते. म्हणून हँडलरमध्ये बोलाविण्यास सुरक्षित अशा कार्यांची एक मर्यादित यादी पॉझिक्सने दिली आहे. स्मृती मागणे आणि नेहमीच्या पद्धतीने छापणे ही कामे त्या यादीत नाहीत.

पायथनचे एखादे साधे वाक्य चालवायचे तरी आतून स्मृती मागावी लागते. म्हणजे पायथनमध्ये लिहिलेला हँडलर संकेताच्या क्षणी चालविणे मुळातच शक्य नाही. पायथनच्या कर्त्यांनी यावर जी तोड काढली ती समजली की, आपल्या विद्यार्थ्याचे कोडे सुटते.

टेबलावरचा कागद

आपल्या वर्गाचेच उदाहरण घ्या. प्राध्यापक फळ्यावर सिद्धता मांडीत आहेत. शिपाई नोटीस घेऊन दारात येतो. प्राध्यापक ओळ अर्धी सोडून नोटीस वाचीत नाहीत. शिपाई ती टेबलावर ठेवून निघून जातो. हातातली पायरी पुरी झाली की प्राध्यापक टेबलाकडे पाहतात आणि मग नोटीस वाचून दाखवितात. पायथनमध्ये हेच चालते. नोंदवहीत ज्याचे नाव असते तो पायथनचा खरा हँडलर सी भाषेतला, अगदी छोटा असतो. ‘२ क्रमांक आला’ एवढी खूण करून तो परततो. पायथनचा अर्थबोधक, म्हणजे इंटरप्रिटर, आपल्या पायऱ्यांच्या मधे ती खूण पाहतो आणि तेव्हा कोठे आपण पायथनमध्ये लिहिलेला हँडलर चालतो. तोही फक्त मुख्य धाग्यात.

आता समजा, त्या तासाला पाहुणे व्याख्याते आले आहेत. व्याख्यान त्यांच्या हाती सोपवून प्राध्यापक मागच्या बाकावर बसले. शिपाई आला, नोटीस टेबलावर ठेवून गेला. पाहुण्यांना आपल्या टेबलाची रीत ठाऊक नाही. ते बोलतच राहिले. शिपाई दहा वेळा आला तरी काय होणार? टेबलावर कागद एकच! हे पाहुणे व्याख्याते म्हणजे सी भाषेतील कार्य. ते चालू असेतो पायथनचा अर्थबोधक बाकावर बसलेला असतो. खूण झालेली असते, पण ती पाहणारा कोणी नसतो. कंट्रोल-सी दहादा दाबल्याने दहा खुणा होत नाहीत; खूण एकच राहते. सी कार्य दुसऱ्या दिवशी संपले असते, तर त्याच क्षणी विद्यार्थ्याच्या त्या जपणूक करणाऱ्या ओळी इमानाने चालल्या असत्या.

उपाय

पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे पाहुण्यांनी अधूनमधून टेबलाकडे पाहणे. यासाठी पायथनने सी लेखकांना ‘पायएरर-चेकसिग्नल्स’ नावाचे कार्य दिले आहे. मोठ्या आवर्तनात दर फेरीला ते बोलाविण्याची गरज नाही. दर दहा हजार फेऱ्यांनी एकदा बोलाविले तरी माणसाला थांबणे तत्काळ वाटते आणि वेगही कमी होत नाही. त्याने शून्य परत दिले तर काम पुढे चालवावे. उणे एक दिले तर सी कार्याने आपण घेतलेली स्मृती मोकळी करावी आणि चूक झाल्याची खूण देऊन पायथनकडे परतावे. मात्र अर्थबोधकाचे कुलूप आधी सोडून दिले असेल, तर ते परत मिळविल्याखेरीज टेबलाकडे पाहू नये.

आर या भाषेतही असेच कार्य आहे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यातील फरक ध्यानात ठेवावा. नोटीस असेल तर आरचे कार्य सी कार्याकडे परत येतच नाही. तेथूनच उडी मारून थेट वर जाते. अशा वेळी सी कार्याने स्वतः मागून घेतलेली स्मृती मोकळी करावयाची राहून जाते. टेबल एकच, पण वर्ग सोडून जाण्याची रीत प्रत्येक भाषेची निराळी!

दुसरा उपाय, सी कार्य दुसऱ्याने लिहिलेले असून बदलता येत नसेल तेव्हाचा. काम लहान तुकड्यांत द्यावे. एका हाकेत कोटी फेऱ्या मागण्याऐवजी लाखालाखाच्या शंभर हाका माराव्यात. दोन हाकांच्या मधे अर्थबोधक उठून टेबलाकडे पाहतो.

तिसरा उपाय म्हणजे जड काम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालविणे. तिची नोंदवही वेगळी असते. मुख्य प्रोसेस संकेत ऐकण्यास मोकळी राहते. आपली उत्तरे ती जपते आणि मग कामकरी प्रोसेसला १५ क्रमांकाचा संकेत पाठवून थांबविते. या संकेतासाठी पायथन आपण होऊन हँडलर नेमीत नाही, त्यामुळे कामकरी प्रोसेस सी कार्यात गुंतलेली असली तरी तत्काळ थांबते.

या तिन्हींपैकी काहीही केले तरी एक शिस्त पाळावीच : प्रत्येक फेरीची उत्तरे लगेच फाईलमध्ये उतरवावीत. ९ क्रमांकाचा संकेत आणि वीजकपात यांच्यापुढे कोणताही हँडलर चालत नाही.

चूक सांगणारे संकेत

येथवर पाहिले ते बाहेरून आलेले संकेत. ८ आणि ११ हे बहुधा प्रोग्रॅमच्या स्वतःच्या चुकीतून उद्भवतात आणि त्यांची जात वेगळी असते. सी भागात शून्याने भागाकार झाला आणि त्या संकेतासाठी पायथनमध्ये हँडलर लिहिलेला असला, तर गंमत होते. छोटा हँडलर खूण करून परततो, तो नेमका त्याच भागाकारावर. पुन्हा तीच चूक, पुन्हा संकेत, पुन्हा खूण. अर्थबोधकाची पाळी येतच नाही आणि प्रोग्रॅम मरण्याऐवजी लटकून राहतो. म्हणून अशा संकेतांना पायथनमध्ये हँडलर नेमू नये. प्रोग्रॅम कोठे कोसळला एवढे पाहावयाचे असेल, तर त्यासाठी ‘फॉल्टहँडलर’ हा भाग पायथनमध्ये २०१२पासून आहे.

जावाचे याच्या उलट. तेथे ११ क्रमांक ही दरवेळी आपत्ती नसते. रिकाम्या संदर्भाची तपासणी दरवेळी करीत बसण्याऐवजी जावाचे यंत्र, म्हणजे हॉटस्पॉट, सरळ स्मृती वाचावयास जाते. संदर्भ रिकामा निघाला तर ११ क्रमांक येतो आणि हॉटस्पॉट त्याचे रूपांतर जावातील साध्या अपवादात करते. आता जोडलेल्या सी ग्रंथालयाने या संकेतासाठी स्वतःचा हँडलर नेमला, तर ही रोजची घटना त्याला अपघात वाटते आणि चांगला चाललेला प्रोग्रॅम ते बंद पाडते. यासाठी जावाबरोबर ‘लिबजेसिग’ नावाचे छोटे ग्रंथालय मिळते. ते आधी चढविले की सी ग्रंथालयाची नेमणूक जावाचे नाव खोडीत नाही, त्याच्या मागे रांगेत उभी राहते. संकेत आपला नाही असे जावाला दिसले, तरच तो मागच्याकडे जातो.

शेवटी

लिनक्सवर ही नोंदवही आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. काही वेळ झोपून राहणारा एक छोटा पायथन प्रोग्रॅम सुरू करा आणि ‘प्रॉक’ या निर्देशिकेत त्याच्या प्रोसेस-क्रमांकाखाली असलेली ‘स्टेटस’ फाईल उघडा. तीत ‘सिगसीजीटी’ अशी एक ओळ दिसेल. त्या षोडशमान संख्येचा अगदी शेवटचा अंक २ आहे, म्हणजे उजवीकडून दुसरी जागा भरलेली आहे. अर्थात २ क्रमांकाच्या संकेतासाठी हँडलर नेमलेला आहे. मग आपले सी ग्रंथालय जोडून तीच ओळ पुन्हा पाहा. नवी जागा भरलेली दिसली तर या ग्रंथालयाने कोणता संकेत ताब्यात घेतला ते कळेल. मात्र भरलेल्या जागेवर नाव कोणाचे आहे, हे ती ओळ सांगत नाही. ते ग्रंथालयाच्या माहितीपत्रकात शोधावे लागते.

त्या विद्यार्थ्याने आपल्या सी कार्याच्या आवर्तनात एकच तपासणी घातली आणि प्रत्येक फेरीनंतर उत्तरे फाईलमध्ये उतरविण्याची सोय केली. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम तोच चुकीचा आकडा देऊन कंट्रोल-सी दाबले. प्रोग्रॅम लगेच थांबला आणि आधीच्या फेऱ्यांची उत्तरे जागच्या जागी होती. दोन भाषा एका प्रोसेसमध्ये सुखाने नांदू शकतात. मात्र नोटीस कोणी घ्यायची आणि टेबलाकडे कोणी कधी पाहायचे, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे.