छत नेमकं कुठे थांबलं?

मर्सिडीज-बेंझने 1989 साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात आपली नवी एसएल ही कापडी छत उघडता येणारी गाडी आणली. गाड्यांच्या जाणकारांत ती 'आर129' या कारखान्यातल्या सांकेतिक नावानेच ओळखली जाते. 2001 पर्यंत ती बनत राहिली. या गाडीत पुढच्या दोन आसनांच्या मध्ये एक बटण आहे. गाडी उभी करून ते दाबून धरलं की काचा खाली उतरतात, विंडस्क्रीनच्या चौकटीला छत अडकवून ठेवणाऱ्या कड्या सुटतात, कापडाची मागची कमान उचलली जाते, तिच्याखालचं झाकण उघडतं, अख्खं छत घडी होत मागे जातं आणि आसनांमागच्या खोबणीत शिरतं. झाकण मिटतं. या सगळ्याला सुमारे तीस सेकंद लागतात. माणसाचं बोट फक्त बटणावर असतं.

आज या गाड्या पंचवीस-पस्तीस वर्षांच्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या अनेकींचं छत एके दिवशी मध्येच थांबतं. झाकण उभं, कमान हवेत, कापड अर्धवट दुमडलेलं. मालकाला वाटतं, संपलं, आता सगळं छतच बदलावं लागणार. खरं तर बहुतेक वेळा छताला फारसं काही झालेलं नसतं. ते का थांबलं हे समजून घ्यायला लागलं, की या यंत्राची खरी कमाल दिसू लागते.

पहिला प्रश्न असा, की कापड कधी हलवायचं हे छताला कळतं कसं? मागची कमान झाकणावर टेकलेली असते. ती उचलली गेल्याशिवाय झाकण उघडू लागलं तर कापड फाटेल. झाकण पूर्ण उघडायच्या आत छत खाली आलं तर पत्रा चेपेल. काच वर राहिली तर कडेची रबरं फाटतील. म्हणजे इथे ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. आणि क्रम पाळायचा तर प्रत्येक टप्प्याला आधीचा टप्पा पुरा झाल्याची खात्रीची खबर मिळायला हवी.

ही खबर देण्याचं काम करतात लिमिट स्विच आणि मायक्रोस्विच. असा स्विच म्हणजे आत धातूची छोटी पट्टी असलेला, बाहेर एक खटका असलेला साधा भाग. कमान शेवटपर्यंत वर गेली की ती या खटक्याला दाबते, आतली पट्टी टेकते आणि वीज वाहते. नियंत्रक पेटीला तेवढंच कळतं: 'कमान वर पोचली.' मग ती पेटी पुढचा भाग हलवायचा हुकूम देते. खबर आली नाही, तर हुकूमही नाही. स्लॅब टाकायच्या दिवशी घमेली हातोहात जातात, तसंच हे आहे. पुढच्याचे हात रिकामे झाल्याशिवाय मागच्याने घमेलं सोडायचं नसतं, आणि एकाने हात आखडले की सगळी रांग जागच्या जागी उभी राहते.

छत यंत्राने हलवण्याची ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. फ्रान्समधल्या जॉर्ज पोलँ या दंतवैद्यकाच्या पेशातून आलेल्या आणि मोटारी घडवण्याचं वेड असलेल्या माणसाने पत्र्याचं टणक छत डिकीत सरकवण्याची युक्ती काढली आणि 1930 च्या दशकात ती प्यूजोच्या 'एक्लिप्स' गाड्यांत उतरली. 402 एक्लिप्सच्या पहिल्या गाड्यांत छत विजेवर हलत असे. पुढे 1936 मध्ये कंपनीने हाताने हलवायची रचना पत्करली. छत हलवण्याइतकी ताकद आणणं त्या काळीही जमलं होतं. ते वर्षानुवर्षं न चुकता हलत राहील असं करणं कठीण होतं. दुसऱ्या महायुद्धात पोलँ फ्रेंच प्रतिकार चळवळीत सामील झाला आणि 1942 मध्ये नाझींनी त्याला गोळ्या घातल्या. त्याने रुजवलेली कल्पना मात्र थांबली नाही.

1957 मध्ये अमेरिकेत फोर्डने स्कायलायनर बाजारात आणली. तिचं पत्र्याचं अवजड छत पूर्णपणे विजेवर डिकीत जात असे. त्यात तेलाचा थेंब नव्हता, संगणक तर नव्हताच. होत्या सात विद्युत मोटरी, दहा लिमिट स्विच, दहा रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारे स्विच, आणि 610 फूट, म्हणजे जवळपास 186 मीटर वायर. 'हे झालं असेल तरच ते कर' हा सगळा विचार निव्वळ तारा आणि खटक्यांत गुंफलेला होता. 1959 पर्यंत अशा 48,394 गाड्या बनल्या आणि त्यांतल्या काहींची छतं आजही उघडतात, मिटतात. साठ-सत्तर वर्षं जुन्या गाडीचं इतकं गुंतागुंतीचं छत आजही दुरुस्त होऊ शकतं, कारण तिथे प्रत्येक भाग एकच काम करतो आणि ते काम तपासता येतं. वायरिंगचा नकाशा समोर ठेवायचा, छत कुठे थांबलं ते पाहायचं आणि त्या टप्प्याचा स्विच, रिले, मोटर एकेक करून तपासायची.

आर129 मध्ये मोटरींची जागा तेलाने घेतली. डिकीत विजेवर चालणारा एक पंप आणि तेलाची टाकी असते. तिथून बारीक नळ्या गाडीभर पसरलेल्या दहाहून अधिक सिलिंडरांकडे जातात. सतराव्या शतकात ब्लेझ पास्कालने दाखवून दिलेलं तत्त्व इथे राबतं: कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. समजा, 20 मिलिमीटर व्यासाच्या पोकळीचा सिलिंडर आहे आणि तेलाचा दाब 100 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे शंभर पट आहे. एवढासा दट्ट्या जवळपास 320 किलो वजन उचलेल इतक्या जोराने ढकलतो. त्याच दट्ट्याला मागे ओढायचं असेल तर एका बाजूला दांड्याने जागा व्यापलेली असते. दांडा 10 मिलिमीटरचा असेल तर जोर 240 किलोच्या आसपास उरतो. कोणता सिलिंडर कुठे आणि कोणत्या दिशेने बसवायचा, हे ठरवताना अभियंत्यांना असे हिशोब करावे लागतात.

तेल हे काम करू शकतं, कारण ते जवळजवळ दबत नाही. शंभर बारखालीही त्याचं आकारमान एक टक्क्याहून कमी घटतं. पंपाने इकडे ढकललेलं तेल तिकडे लगेच जाणवतं. मात्र नळीत हवा शिरली की चित्र बदलतं, कारण हवा दबते. मग छत हिसके देत हलतं, एक बाजू पुढे तर एक मागे राहते. दोन्ही बाजूंचे सिलिंडर बरोबरीने चालले नाहीत तर छताचा सांगाडा पिळला जातो. अशा वेळी बटण दाबून धरत जोर लावणं हा सगळ्यात महागडा उपाय ठरतो, कारण वाकलेला सांगाडा सरळ करणं हे सील बदलण्याहून फार मोठं काम आहे.

तेल बाहेर येतं कुठून? दट्ट्या आणि दांड्याभोवती बसवलेल्या सीलमधून. या गाड्यांच्या मूळ सिलिंडरांत पॉलियुरेथेनची सील होती. घासलं जाण्यासमोर ती चांगली टिकतात, पण त्यांच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या ओलाव्याने वर्षानुवर्षं हळूहळू तुटत जातात आणि उष्णता हा वेग वाढवते. रसायनशास्त्रात या क्रियेला जलापघटन म्हणतात. बाहेरून सिलिंडर चकचकीत दिसतो, आतलं सील मात्र बोटांत चुरगळतं. विशेष म्हणजे ही झीज वापराची नाही, वयाची आहे. गॅरेजमध्ये जपून ठेवलेली, फारशी न चाललेली गाडीही गळू लागते.

आर129 मध्ये हे पहिल्यांदा लक्षात येतं ते अनेकदा डोक्यावरून. छताची पुढची कड अडकवणाऱ्या कड्यांचे सिलिंडर विंडस्क्रीनच्या वरच्या चौकटीत असतात. काचेमागच्या उन्हात ती चौकट तापते, सील मोडतं आणि तेलाचे थेंब पुढे बसलेल्यांच्या अंगावर पडतात. जॅग्वारच्या एक्सके8 मध्येही असाच त्रास प्रसिद्ध आहे. तिथे पुढच्या कडीकडे जाणारी नळी वयाने कमकुवत होऊन फुटते आणि आतलं हिरवं तेल पुढच्या आसनांवर उडतं. सिलिंडर असो की नळी, दोन्हीकडे उन्हाला सगळ्यात जवळ असलेला भाग आधी म्हातारा होतो.

यावरचा उपाय मला या सगळ्या विषयातला सगळ्यात आनंदाचा भाग वाटतो. नवा सिलिंडर घेण्याऐवजी जुनाच उघडून त्यातली सगळी सील बदलता येतात. युरोप-अमेरिकेत केवळ हेच काम करणाऱ्या कार्यशाळा आहेत. मालक सिलिंडर काढून कुरिअरने पाठवतो, तिथे तो उघडून साफ होतो, ओलावा आणि उष्णता सोसणाऱ्या नव्या पदार्थाची सील बसतात, मग तो दाबाखाली तपासला जातो आणि परत येतो. धातूचं शरीर जुनंच राहतं. एक सिलिंडर गळू लागला की समवयस्क बाकीचेही त्याच वाटेवर असतात. म्हणून बरेच जण सगळा संच एकदमच करून घेतात.

चांगला मेकॅनिक मात्र पाना हातात घेण्याआधी ऐकतो. बटण दाबल्यावर पंपाचा आवाज आलाच नाही, तर फ्यूज, रिले, बॅटरी किंवा नियंत्रकाने न दिलेली परवानगी हे संशयित. पंपाला करंट भरपूर लागतो. दमलेल्या बॅटरीवर तो सुरू होऊन लगेच थांबतो. परवानगीचं उदाहरण 1996 मध्ये आलेल्या मर्सिडीज एसएलकेमध्ये सापडतं. तिचं पत्र्याचं छत डिकीत बसतं, त्यामुळे डिकीतल्या सामानावरचा पडदा जागेवर ओढलेला नसेल तर छत हलतच नाही. यात बिघाड काहीच नाही, सामान चेपू नये म्हणून गाडीने घेतलेली ती काळजी आहे.

पंप गुणगुणतो पण काही हलत नाही, तर टाकीतलं तेल पाहायचं. ते कमी असेल तर नुसतं भरून भागत नाही, ते गेलं कुठे हे शोधावं लागतं. छत दर वेळी एकाच जागी थांबत असेल, तर त्या टप्प्याची खबर देणारा स्विच शोधायचा. तो हाताने दाबायचा आणि वीज वाहते का ते मल्टिमीटरवर पाहायचं. पुष्कळदा स्विच ठणठणीत असतो. झाकण हजारदा उघडमीट झाल्याने बिजागरीपाशी वाकणारी वायर आतून तुटलेली असते. कधी स्विच आणि वायर दोन्ही चांगली, पण छताचा सांगाडा एखाद-दोन मिलिमीटर सरकल्यामुळे खटका पुरता दाबलाच जात नाही. हे सगळं करताना वर उभ्या झाकणाला भक्कम टेकू द्यावाच लागतो. दाब सुटला की ते खाली येतं आणि मध्ये हात असेल तर तो वाचत नाही. स्विचला बगल देऊन छत जबरदस्तीने हलवायचा मोहही टाळावा, कारण टक्कर टाळणारी एकमेव खबर आपण त्या वेळी बंद केलेली असते.

कधीकधी दोष छतात नसतोच. बीएमडब्ल्यूच्या 2002 ते 2008 या काळातल्या पहिल्या झेड4 मध्ये छताचा मोटर-पंप छताच्या खोबणीशेजारी, अगदी खालच्या कोपऱ्यात बसवलेला आहे. त्या कोपऱ्यातून पावसाचं पाणी वाहून जायला नळी आहे. पाचोळा अडकून ती तुंबली की पाणी साठतं आणि मोटर बुडते. तिच्यापर्यंत पोचायला ठरलेल्या पद्धतीने छत काढावं लागतं. म्हणून अनेक कुशल कारागीर नवी मोटर डिकीतल्या कोरड्या जागी हलवतात. मूळ रचनेतली उणीव वापरणाऱ्यांनी ओळखली आणि सुधारली, हे मला कारखान्यातल्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं. आणि त्या नळ्या वर्षातून दोनदा मोकळ्या केल्या तर ती मोटर बुडतच नाही.

या साऱ्या उदाहरणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. छत अडतं ते काही ग्रॅमच्या सीलपायी, नखाएवढ्या खटक्यापायी, नाहीतर पानाच्या देठापायी. आणि अडतं तेव्हा बहुतेकदा ते मोडत नसतं, स्वतःला मोडण्यापासून वाचवत असतं. पुढचं पाऊल सुरक्षित असल्याची खबर मिळाली नाही, म्हणून ते थांबलेलं असतं. नेमक्या कोणत्या जागी थांबलं, यातच कोणती खबर आली नाही हे लिहिलेलं असतं. म्हणून असं छत कुणाच्या वाट्याला आलं, तर गॅरेजमध्ये 'छत बिघडलं' एवढंच सांगू नये. बटण दाबल्यापासून छत थांबेपर्यंतचा व्हिडिओ मोबाइलवर काढावा, पंपाचा आवाज त्यात नीट येऊ द्यावा आणि आत-बाहेर कुठे तेल दिसतं का ते पाहून ठेवावं. मेकॅनिकचं निम्मं काम तिथेच होतं. आणि तो पहिल्याच वाक्यात अख्खं छत बदलायला सांगू लागला, तर त्याला शांतपणे विचारावं: कोणत्या टप्प्यावर थांबलं, आणि त्या टप्प्याचा स्विच तुम्ही तपासलात का?