घरातली बुरशी : काय सिद्ध, काय नाही

बुरशी आणि विष : बुरशी सजीव, मायकोटॉक्सिन हे तिच्या काही जाती तयार करतात ते विष. बुरशी दिसली म्हणजे विष असतेच असे नाही.

हवेतून : घरातली ओल-बुरशी आणि दमा, खोकला यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नोंदवला. थकवा, विस्मरण यांच्याशी तो सिद्ध नाही.

अन्नातून : १९७४ मध्ये पंचमहाल-बांसवाडा जिल्ह्यांत बुरसटलेल्या मक्यातल्या अफ्लाटॉक्सिन या मायकोटॉक्सिनने काविळीची साथ, १०६ मृत्यू. हे विष शिजवूनही पूर्ण जात नाही.

नावाचा घोळ : २०२१ ची ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकरमायकोसिस हा संसर्ग, भिंतीवरचे काळे डाग वेगळे.

आपल्या घरी : पावसाळ्यात दोन जागा तपासायच्या : गळकी भिंत आणि दमट कणगी.