दुसरा खड्डा

शेतीच्या जुन्या पुस्तकांत शेणखत आणि लेंडीखत यांच्या पंक्तीला आणखी एक खत बसलेले दिसते: सोनखत. माणसाच्या मैल्यापासून केलेल्या खताला मराठीने सोन्याचे नाव दिले. आज हा शब्द कोशात सापडतो, बोलण्यात क्वचितच येतो. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यांत संडासाविषयी जेवढे बोलले गेले तेवढे आधीच्या शंभर वर्षांत बोलले गेले नसेल. 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, 2014 मध्ये स्वच्छ भारत मोहीम आली, पात्र कुटुंबाला 12,000 रुपये मिळू लागले. मात्र हे बोलणे भिंती, दार, फरशी आणि भांडे यांच्यापाशी थांबले. भांड्याखाली गेलेल्या मैल्याचे पुढे काय, हा प्रश्न मागेच राहिला. माझे म्हणणे असे, की कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्यासारख्या पावसाळी, जांभ्याच्या मुलखात हाच प्रश्न पहिला आहे. त्याचे खत होऊन झाडाच्या मुळाशी जाईपर्यंत संडासाचे काम पुरे झाले असे धरू नये.

कारण आधी जमीन पाहिली पाहिजे. आजऱ्याच्या पश्चिमेचा भाग सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला. पाऊस धो धो, आणि पुष्कळ ठिकाणी पायाखाली जांभा. हा दगड वरून कठीण दिसतो, पण आत नळ्या-पोकळ्यांनी भरलेला असतो. बारीक मातीतून पाणी मुंगीच्या पावलाने झिरपते, त्यात जंतू अडकतात, मरतात. जांभ्याच्या पोकळीतून ते वाहतच जाते. पावसाळ्यात भूजल वर आले की खोल खणलेला शोषखड्डा आणि शेजारची विहीर यांच्यात आडोसा असा उरत नाही. म्हणून 'जेवढा खोल तेवढा चांगला' ही समजूत इथे घातक आहे. खोल खड्डा लवकर भरत नाही याचे एक कारण, त्यातला माल पाण्याबरोबर निघून जातो. सेप्टिक टँक म्हणजे पक्के काम, असेही अनेकांना वाटते. टाकीत मैला खाली बसतो हे खरे, पण तिच्यातून बाहेर पडणारे पाणी जंतूंनी भरलेलेच असते. ते शोषखड्ड्यात न सोडता गटाराला जोडले, तर घर स्वच्छ आणि ओढा घाण, एवढाच बदल होतो. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे जाते आणि पुढे कर्नाटकात घटप्रभेला मिळते. वरच्या गावाने सोडलेले खालच्या गावाच्या नळाला येते.

आता खताचा हिशेब. सरासरी भारतीय आहार धरला तर एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला अदमासे 2.7 किलो नत्र आणि 0.4 किलो स्फुरद बाहेर पडते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पाच माणसांच्या घराचे साडेतेरा किलो नत्र होते, म्हणजे सुमारे 29 किलो युरिया, पोत्याचा दोन-तृतीयांश. स्फुरद दोन किलो, दहा किलो डीएपीत असते तितके. यातला युरिया पैशात मांडला तर अनुदानित दराने दोनशे रुपयेसुद्धा होत नाहीत. एवढ्यासाठी कोण खड्डा उकरील, हा आक्षेप रास्त आहे आणि पैशाच्या भाषेत त्याला उत्तर नाही. उत्तर मातीच्या भाषेत आहे. जिथे पाऊस दरवर्षी जमिनीतले सत्त्व धुऊन नेतो, तिथे टिकून राहणारा कुजलेला अंश, म्हणजे सेंद्रिय कर्ब, हीच खरी कमाई. युरियाच्या पोत्यात तो नसतो. आजऱ्याच्या घनसाळ भाताला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच्यासारखी उंच वाढणारी देशी भाते युरियाचा मारा सोसत नाहीत. ती लोळतात. त्यांना सावकाश लागू पडणारे खत मानवते. स्फुरदाचा दगड तर आपण बहुतांशी परदेशातून आणतो, आणि खाल्लेल्या अन्नातले स्फुरद विहिरीत नाहीतर नदीत सोडतो.

याच हिशेबात एक अडचण दडलेली आहे, आणि दोन खड्ड्यांच्या (एक वापरात, दुसरा आराम करणारा) संडासाचे गुण गाणाऱ्यांनी ती झाकू नये. नत्राचा मोठा वाटा मूत्रात असतो: 2.7 पैकी 2.3 किलो. ते खड्ड्यातून जमिनीत झिरपते आणि नायट्रेट होऊन विहिरीकडे निघते. खड्ड्यात उरते ते मुख्यतः मातीसारखे भरखत. म्हणून जिथे जमते तिथे मूत्र वेगळे घेणेच शहाणपणाचे. तमिळनाडूत मुसिरी येथे अशी मूत्र वेगळे करणारी सार्वजनिक शौचालये चालवून दाखवली गेली आहेत. बंद कॅनमध्ये एक ते सहा महिने साठवलेले मूत्र पुष्कळ निर्धोक होते. कित्येक पट पाणी घालून ते काजूच्या किंवा केळीच्या आळ्यात ओतायचे आणि वर माती ओढायची, म्हणजे वास राहत नाही आणि नत्रही उडून जात नाही.

इथे सर्वांत मोठा आक्षेप उभा राहतो, आणि तो वासाचा नाही. या देशात मैला उचलण्याचे काम जातीने ठरले. सोनखताचे गोडवे गाताना ते कोणाच्या डोक्यावरून शेतात गेले हे विसरणे अक्षम्य आहे. 1993 आणि 2013 अशा दोन कायद्यांनी हाताने मैला काढायला लावणे गुन्हा ठरवले, तरी टाक्यांत उतरलेली माणसे गुदमरून मरण्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. मग खताची गोष्ट काढणे म्हणजे तीच प्रथा मागच्या दाराने आणणे नव्हे काय? या प्रश्नाला सर्वांत खरे उत्तर आजऱ्याजवळचा घाट उतरला की सापडते. कणकवलीला 1948 साली गोपुरी आश्रम स्थापन करणारे अप्पासाहेब पटवर्धन हे ब्राह्मण सत्याग्रही. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचेच, म्हणून नकार मिळाला. त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्यात असलेल्या गांधींनीही सहानुभूतीने उपवास आरंभला. गोपुरीत त्यांनी संडासाचा प्रश्न रचनेने सोडवायचा प्रयत्न केला. ताजा मैला कोणालाच हाताळावा लागू नये, तो जागच्या जागी माती-पाल्याखाली कुजावा आणि खत होऊनच बाहेर यावा. भंगीमुक्तीची वाट नव्या संडासातून जाते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून मी खताच्या बाजूने बोलताना एक अट घालतो: ज्या घराचा खड्डा त्याच घराने तो उकरावा. मजूर सांगून ते काम करायचे असेल तर खताचा विचार सोडून द्यावा. 2017 साली तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राच्या स्वच्छता सचिवांनी स्वतः खड्ड्यात उतरून तयार खत काढले, त्यामागचा हेतू हाच होता.

अप्पासाहेबांचा धागा देहूला पुढे गेला. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आलेले सुहास मापुसकर औषधांपेक्षा संडासांत जास्त गुंतले. त्यांनी संडासाला जोडलेला 'मलप्रभा' हा गॅससंयंत्राचा नमुना रूढ केला. मैल्याचा गॅस चुलीला, उरलेला रबडा शेताला. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. हा विचार काही विलायतेहून आयता आलेला नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 सालीच मैल्याच्या गॅसवर दिवे लागत होते.

राहिला रोगाचा आक्षेप. ताजा मैला शेतात टाकणे वाईटच, त्यात दुमत नाही. जंतांची अंडी सर्वांत चिवट असतात, पटकी-विषमज्वराचे जंतू त्यांच्या कितीतरी आधी मरतात. या अंड्यांवर औषध एकच, वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शनानुसार आपल्यासारख्या उष्ण हवेत मैला वर्षाहून अधिक काळ न छेडता साठवावा. दोन खड्ड्यांची युक्ती एवढीच आहे. भांड्यातून येणारा पाइप एका छोट्या चेंबरमध्ये दोन फाट्यांत फुटतो. एक फाटा वीट किंवा दगड बसवून बंद केलेला असतो. पहिला खड्डा भरला की वीट काढून दुसऱ्या तोंडाशी बसवायची, बस. नीट बांधलेला खड्डा एका कुटुंबाला पाच-एक वर्षे पुरतो, म्हणजे आराम करणाऱ्या खड्ड्याला मुबलक वेळ मिळतो. दीड-दोन वर्षांनी झाकण सरकवले की आत काळपट, भुसभुशीत, मातीच्या वासाचा चुरा असतो. तरीही तो पालेभाजीवर घालू नये. काजू, आंबा, नारळ यांच्या आळ्यात आणि मातीखाली घालावा, एवढी सावधगिरी कायमची. जांभ्याच्या जागी मात्र खड्डे उथळ हवेत, निम्मे जमिनीवर उचललेले, भोवती मातीचा भराव केलेले. भूजल वर येत असेल तर तळ बंद करून सभोवार अर्धा मीटर वाळू भरावी आणि विहीर दहा मीटरच्या आत असू नये. यात बांधकाम थोडे महागते. विहिरीचे पाणी नासल्यावर ते स्वस्तच वाटेल.

दाट वस्तीत, बाजारपेठेत, दोन खड्ड्यांना जागा नसते. तिथे टाक्या राहणारच. वाई आणि सिन्नर या शहरांनी टाकी तुंबायची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी प्रत्येक घराची टाकी टँकरने उपसायची आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा, अशी व्यवस्था लावली. हिरण्यकेशीकाठच्या आजऱ्याने वाईकडे पाहावे. दोन्ही नदीकाठची लहान शहरे आहेत.

गावात मात्र पंचायतीने अंदाजपत्रकात तीन बाबी मांडाव्यात. पहिला खड्डा बांधतानाच दुसरा खड्डा, कारण नंतर तो कोणीच बांधत नाही. गवंड्याला जांभ्यासाठी वेगळा नकाशा. आणि खड्डा बंद झाला तो महिना, ते वर्ष झाकणाच्या ओल्या सिमेंटवर खिळ्याने कोरणे, म्हणजे उकरायची वेळ झाली की नाही हे घरातल्या सुनेलाही वाचता येईल आणि सासऱ्यालाही.