अनुदान तीन वर्षांनी, हप्ता दर महिन्याला



मागच्या कार्यशाळेत एक ताई शेवटपर्यंत थांबल्या. गावात सोलर ड्रायरवर शेवग्याचा पाला, कांदा, आवळा वाळवून विकायचा त्यांचा विचार. "सर, ३५ टक्के सरकार देणार आहे ना? मग मला काळजी कसली?" फाईल करून देणाऱ्या एजंटला त्यांनी अंगठी गहाण टाकून पैसे दिले होते. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून तो हिशोब आज इथे सविस्तर मांडतोय.

सौरऊर्जा असो की कचऱ्यावर प्रक्रिया, नवा उद्योग सुरू करणारे बरेच जण पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा, म्हणजे पीएमईजीपीचा, विचार करतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, दिव्यांग आणि माजी सैनिक हे यात विशेष गटात येतात. त्यांना ग्रामीण भागात ३५ टक्के आणि शहरात २५ टक्के अनुदान. सर्वसाधारण गटाला हेच २५ आणि १५ टक्के. विशेष गटाने स्वतःचे ५ टक्के घालायचे, बाकी रक्कम बँकेचं कर्ज.

आता ताईंचा १० लाखांचा प्रकल्प धरू. स्वतःचे ५० हजार, बँकेचं कर्ज साडेनऊ लाख, अनुदान साडेतीन लाख. इथेच बहुतेक जण फसतात. हे साडेतीन लाख तुमच्या हातात येत नाहीत. ते बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीसारखे पडून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट चालू आहे का याची प्रत्यक्ष तपासणी होते आणि मग ती रक्कम कर्जातून वजा होते. युनिट बंद पडलेलं दिसलं, तर अनुदान परत जाऊ शकतं.

म्हणजे उरले ६ लाख. समजा ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत, तर हप्ता साधारण १३ हजार. महिन्याला २५ दिवस काम धरलं तर रोज ५२० रुपये फक्त हप्त्यासाठी. मजुरी, पॅकिंग, गाडीभाडं आणि तुमचा स्वतःचा पगार यावर वेगळा. सुरुवातीचे काही महिने बँक हप्त्याला सवलत देते, पण ती संपल्यावर हप्ता सुरू होतोच.

मग मी ताईंना एकच प्रश्न विचारला, "तुमचा वाळवलेला पाला घेणार कोण?" त्या गप्प झाल्या. एजंटने कोटेशन आणलं होतं, प्रोजेक्ट रिपोर्ट आणला होता. गिऱ्हाईक मात्र कुणीच शोधलं नव्हतं.

याउलट उदाहरण पुण्यात आहे. १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. त्यातूनच कचरावेचकांच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आज तीन हजारांहून जास्त सभासद, त्यात बहुसंख्य महिला, घरोघरी जाऊन ओला-सुका कचरा गोळा करतात. महापालिकेची मदत आहेच, पण त्यांच्या कमाईचा मुख्य आधार म्हणजे प्रत्येक घरातून येणारं महिन्याचं शुल्क आणि भंगाराची विक्री. शहर साफ होतं आणि घर चालतं, कारण समोर पैसे देणारं गिऱ्हाईक आहे.

आणखी एक गोष्ट वहीत लिहा. अनुदान तुम्हालाच मिळालं पाहिजे असं नाही, ते तुमच्या गिऱ्हाईकाला मिळालं तरी तुमचा धंदा होतो. पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावर १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान घरमालकाच्या खात्यात जमा होतं, तेही पॅनल बसवून सुरू झाल्यावर. महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के. पॅनल बसवणारा, धुणारा, वायरिंग तपासणारा माणूस तालुक्याला लागणारच आहे. आयटीआय झालेल्या मुला-मुलींनी याचा विचार जरूर करावा. यात भांडवल कमी आणि काम रोजचं.

अर्ज करण्याआधी एवढं कराच:

१. अनुदान शून्य धरून नफा-तोटा लिहा. तरीही जमत असेल तरच पुढे जा.
२. दहा संभाव्य गिऱ्हाइकांना भेटा. त्यातल्या तिघांकडून तरी 'एवढा माल, या भावाने' असं लेखी घ्या.
३. सहा महिन्यांच्या हप्त्याएवढी रक्कम बाजूला ठेवा.
४. पीएमईजीपीचा अर्ज पोर्टलवर मोफत भरता येतो. एजंटची गरज नाही. अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात जा आणि योजनेचे ताजे नियम तिथेच विचारून घ्या.
५. यंत्राचं कोटेशन दोन-तीन ठिकाणांहून घ्या. अनुदान आहे म्हणून भाव फुगवणारे भेटतात, आणि त्या फुगलेल्या भावाचा हप्ता तुम्हीच भरता.

ताईंनी अर्ज अजून केलेला नाही. सध्या त्या घरच्या गच्चीवर थोडा थोडा पाला वाळवून पाकिटं विकतायत. परवा फोन आला, "सर, दोन दुकानदार दर महिन्याला माल घ्यायला तयार झालेत." मी म्हटलं, "ताई, आता तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट सुरू झाला!"

आज रात्री वही घ्या आणि पहिल्या पानावर तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव लिहा. योजनेचं नाव दुसऱ्या पानावर.