नवीन कॉम्प्रेसर घरी आणलाय? पहिलं बटण दाबण्याआधी हे वाचा



भाताची कापणी-मळणी जवळ आली की ट्रॅक्टर, पॉवर टिलर, मळणी यंत्र सगळ्यांचीच कामं एकदम निघतात. प्रत्येक वेळी हवा भरायला पौड-पिरंगुट गाठणं परवडत नाही, म्हणून काही सभासद घरीच कॉम्प्रेसर घेतायत. वस्तू उपयोगाची आहे. पण शेतात ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात साधारण १२ ते १४ पीएसआय हवा असते आणि या टाकीत ११५ च्या आसपास. म्हणजे आठपटीहून जास्त. म्हणून बसवतानाच नीट बसवा. खालची माहिती २ एचपी, सिंगल फेज, ५० लिटर टाकीच्या मशीनसाठी आहे.

*१) जागा*
गोठ्यात नको. ओली जमीन म्हणजे शॉकचा धोका, आणि गोठ्यातल्या दमट हवेने लोखंड लवकर गंजतं. पडवीत किंवा शेडमध्ये, पावसाची झड येणार नाही अशा सपाट कोब्यावर ठेवा. भिंतीपासून फूटभर अंतर सोडा, हवा खेळली पाहिजे. पेट्रोल, औषधं, पेंढा जवळ नको.

*२) वीज*
चालू होताना मोटर काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि चांगलं अर्थिंग वायरमनकडून करून घ्या. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. लांब कामासाठी वायर नाही, हवेचा पाइप लांब घ्या. व्होल्टेज कमी असेल आणि मोटर नुसतीच गुरगुरत असेल तर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळतं.

*३) तेल*
बरीच मशीन तेलाशिवाय येतात. तुमचं मशीन तेलाचं असेल तर वाहतुकीसाठी लावलेलं बूच काढून सोबत दिलेलं श्वासाचं झाकण लावा. काचेतल्या लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंत कॉम्प्रेसरचंच तेल भरा. घरात उरलेलं इंजिन ऑइल चालवू नका, व्हॉल्व्हवर काजळी धरते.

*४) पहिल्यांदा चालवताना*
टाकीचा कॉक उघडा ठेवून २०-३० मिनिटं मोकळं चालू द्या. मग कॉक बंद करून टाकी भरू द्या. ८ बारच्या आसपास मशीन आपोआप थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर लगेच बंद करून दुकानदाराला बोलवा. जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघा. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून हवा सुटते का ते तपासा, पण त्याचा स्क्रू कधीही आवळू नका. टाकी फुटू नये म्हणून तोच शेवटचा राखणदार आहे.

बंद करताना भिंतीवरचं बटण नाही, मशीनवरच्या प्रेशर स्विचचा खटका आधी बंद करा. "फुस्स" आवाज येऊन डोक्यातली अडकलेली हवा सुटते आणि पुढच्या वेळी मोटर हलकी चालू होते. मध्येच लाइट गेली तरी हेच करा. नाहीतर लाइट आल्यावर मशीन एकदम चालू होईल, तेही भाराखाली.

*५) पाणी काढा. मुळशीत हे सगळ्यात महत्त्वाचं* 💧
आपल्याकडे पावसाळ्यात हवेत ओल भरपूर. ५० लिटरच्या टाकीत ८ बारला सुमारे ४५० लिटर हवा कोंबली जाते. हवा दाबली की तिला तेवढी वाफ धरून ठेवता येत नाही. एकदा टाकी भरली की दीडेक चमचा पाणी तळाशी साचतं. दिवसात दहा वेळा भरली तर अर्धा कप! ते तसंच राहिलं तर पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग नवाकोरा, आतून टाकी पातळ, आणि एक दिवस ती फुटते. म्हणून काम संपल्यावर दाब कमी करून तळाचा कॉक हळूच उघडा, पाणी पूर्ण जाऊ द्या. टाकी तळाला पाझरली तर वेल्डिंग करून चालवू नका, टाकीच बदला.

*६) वापरताना*
▪️ टायर भरताना गेज लावूनच भरा. किती हवा ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत बघा.
▪️ कोरडा एअर फिल्टर आतून बाहेर फुंका, रेग्युलेटर ३० पीएसआयच्या खाली ठेवून. जास्त दाबाने कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात जाते.
▪️ रेडिएटरमधला भुसा काढताना चष्मा लावा.
▪️ अंगावरची धूळ हवेने झटकू नका. मुलं गंमत म्हणून एकमेकांवर हवा मारतात, ते अजिबात होऊ देऊ नका. दाबाची हवा शरीरात शिरली तर आतडं फाटतं, जीव जाऊ शकतो. काम झालं की पाइप काढून वर ठेवा.

तेल कुठवर भरायचं, खटका कोणता, काही शंका असेल तर चालू करण्याआधी फोटो काढून याच नंबरवर पाठवा. घाई करू नका.

– कृषी सल्ला, मुळशी तालुका